शंभर टक्के आपोआप

विमा कंपनीच्या कोलकाता कार्यालयातल्या ऐंशी कॉम्प्युटरांवर नवी विंडोज टाकायची, असं फर्मान निघालं आणि ते काम अर्थातच मंजुषाच्या गळ्यात पडलं. संगणक विभागात माणूस ती एकटीच. नाशिकहून बदली होऊन आलेली. विभागीय प्रमुख श्यामकांत राजवाडेही मराठीच, त्यामुळे दोघांचं छान जमत असणार, असं ऑफिसातले बंगाली सहकारी समजून चालत.

एकेका मशीनला पेन ड्राइव्ह लावत बसण्याऐवजी तिने स्टोअररूममध्ये एक सर्व्हर उभा केला. जुनी विंडोज असलेलं मशीन चालू केलं की ते नेटवर्कवरून सर्व्हरला गाठायचं आणि नवी विंडोज स्वतःच टाकून घ्यायचं. सुरुवातीला फक्त एक प्रश्न यायचा : जुनं सगळं पुसायचं का?

"मग आपोआप कुठे झालं?" साहेबांनी विचारलं.

"चुकून एखादं मशीन सुरू झालं तर सगळं जाईल, साहेब."

"चुका माणसं करतात, मंजुषा. म्हणूनच तर माणसाला मध्ये घ्यायचं नाही. काढा तो प्रश्न."

तिने लेखी मागितलं. साहेबांनी मुख्यालयाला प्रत जोडून, 'दूरदृष्टी' हा शब्द दोनदा वापरून, लेखी दिलं.

आपापल्या फायली सर्व्हरवर ठेवा, हे परिपत्रकही साहेबांनीच काढलं. साहजिकच ते त्यांना स्वतःला लागू नव्हतं. केबिनमधल्या मशीनला हात लावायचा नाही, अशी त्यांची ताकीद होती. यादीतून वगळायला त्या मशीनचा नेटवर्क नंबर हवा, असं मंजुषाने तीनदा कळवलं. साहेबांना सवड झाली नाही.

शनिवारी एकोणऐंशी मशीन झाली. एकामागून एक पडदे निळे होताना बघून मंजुषा सुखावली.

सोमवारी अकरा वाजता साहेबांनी स्वतःचं मशीन चालू केलं आणि चहा घ्यायला गेले. मशीन आज्ञाधारक होतं. साहेब परतले तेव्हा पडद्यावर 'स्वागत आहे' होतं आणि नऊ वर्षांच्या फायली नव्हत्या.

मंजुषा केबिनमध्ये धावली. तिने तासभर धडपड केली, पण हाती काही लागलं नाही.

"मला एकदा विचारायचं तरी," साहेब म्हणाले आणि चौकशी लावायची भाषा करू लागले.

"विचारायचं नाही असं ठरलं होतं, साहेब," ती शक्य तितक्या नरमाईने म्हणाली आणि त्यांची मेल त्यांच्यापुढे ठेवली. ती त्यांनी बराच वेळ वाचली. चौकशीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मुख्यालयाला मात्र आकडा फार आवडला. ऐंशीपैकी ऐंशी. असं दुसऱ्या कुठल्याच कार्यालयाला जमलं नव्हतं. साहेबांना दिल्लीच्या परिषदेत बोलायचं निमंत्रण आलं.

"स्लाइड तुम्हीच करा," ते मंजुषाला म्हणाले, "माझ्याकडे जुनं काही उरलेलं नाही."

तिने बारा स्लाइड केल्या. साहेब विमानाने दिल्लीला गेले. मंजुषा लाँच पकडून नदीपलीकडे हावड्याच्या शाखेत गेली. तिथली चाळीस मशीन अजून व्हायची होती.