अंबाड्यातला कंगवा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कंगवा आहे. माझा एक दात पडला आहे, तरी मी रोज कामावर जातो.

अमृतसरच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने मला बाभळीच्या लाकडातून कापले, घासले, तेल पाजले. तरनतारनजवळच्या गावातल्या बचिंत कौरने मला घरी नेले. सकाळ-संध्याकाळ केस विंचरायचे, अंबाडा बांधायचा आणि त्यात मला खोचायचे, हा तिचा नेम. देवाने दिलेला केस कापायचा नाही, हे तिचे व्रत.

नात मनरूप स्वतःचे केस विंचरू लागली, तेव्हा बचिंत कौरने मला तिच्या हाती दिले. "घाई करू नकोस, पुत्तर. केसाला राग कळतो."

मनरूपचा गळा गोड. पण वयात येताना तिच्या ओठावर आणि हनुवटीवर दाट लव आली. शाळेतल्या मुली म्हणायच्या, "सरदारजी, मिशीला पीळ द्या की!" टीव्हीवर, मोबाइलवर एकच जाहिरात: आधी रडवेली, केसाळ मुलगी, मग तीच गुळगुळीत आणि हसरी. मनरूप आरशाकडे पाठ करून बसू लागली. मी खिडकीत धूळ खात पडलो. एकदा गुंतलेल्या केसांतून तिने मला रागाने ओढले, आणि माझा दात तुटला.

गुरुपुरब, म्हणजे गुरूंच्या जन्माचा उत्सव, जवळ आला. मनरूप पहिल्यांदाच गुरुद्वाऱ्यात जमलेल्या संगतीसमोर शबद, म्हणजे गुरुवाणीतले भजन, गाणार होती. यंदा गुरुद्वाऱ्याबाहेर गाणाऱ्यांचे चेहरे दाखवणारा मोठा पडदा लागणार, हे कळले आणि ती म्हणाली, "मी नाही गाणार."

भुआने, म्हणजे तिच्या आत्याने, केस काढायच्या मलमाची नळी पुढे केली. "अगं, पाच मिनिटांचं काम! पडद्यावर हनुवटी खाटेएवढी दिसेल तुझी."

"मग तू ये तिच्यावर झोपायला," बचिंत कौर म्हणाली. नातीला मात्र ती हळू आवाजात म्हणाली, "चेहरा तुझा. लाव, नाहीतर नको लावूस. मी केस राखले ते श्रद्धेनं, कुणाच्या धाकानं नाही. तूही धाकानं काही करू नकोस. जाहिरातीच्या नाही, आणि माझ्याही नाही."

मनरूपने नळीचे झाकण उघडले. बराच वेळ ती तशीच बसली. मग झाकण परत लावून म्हणाली, "बेबे, आत्ता मी हे नुसत्या भीतीनं लावेन. भीती गेली की बघू."

तिने मला उचलले, फुंकर मारली आणि टोकाकडून एकेक गुंता सोडवत केस विंचरले. अंबाडा घट्ट बांधला. मी आत बसलो.

गुरुद्वाऱ्यात कॅमेरावाला हलकेच म्हणाला, "बेटा, चेहरा मऊ दाखवायचं बटण आहे. दाबू का?"

तिचे डोके तापलेले मला जाणवत होते.

"वीरजी, आवाज तेवढा नीट पोचू दे. चेहरा आहे तसाच राहू दे."

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसले. तिचा सूर एकदा हलला. मग तो खालून वर आला आणि शेवटपर्यंत ढळला नाही.

घरी आल्यावर भुआने मला हातात घेतले. "दात पडलाय याचा. नवा आणते."

"असू दे, भुआ. गुंता सोडवतो अजून."

मित्रांनो, आपला कंगवा पुसून ठेवा, अधूनमधून तेलाचे बोट लावा. आणि एखादी जाहिरात तुमच्या चेहऱ्याला नावे ठेवू लागली, तर लगेच तिचे ऐकू नका. आधी बसा. गुंता सोडवा, टोकाकडून, सावकाश. मग ठरवा.