मारिकारचा नंबर

"नंबर लागेपर्यंत पोरीला लग्न करू देऊ नका. अर्ज अविवाहित मुलीचा आहे. लग्न झालं की अर्ज संपला."

वकिलाच्या ऑफिसातल्या बाईंनी अकरा वर्षांपूर्वी सांगितलेलं हे वाक्य रोझालियाने नेमासारखं पाळलं होतं. फिलिपिन्समधल्या गावात ती शाळामास्तरीण होती. भाऊ अमेरिकेच्या आरमारात आचारी. बहिणीला अमेरिकेत कायमचं आणायला त्याने केलेल्या अर्जाला अठरा वर्षांनी व्हिसाचा नंबर लागला. तोवर तिच्या लेकीची, मारिकारची, एकवीस वर्षं भरून तीन महिने उलटले होते, आणि आईबरोबर येण्याचा तिचा हक्क गेला होता. विमानतळावर रोझालियाने लेकीचा हात धरून सांगितलं होतं, "तुला तिकडे नेल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही." अमेरिकेत पोचताच तिने लेकीसाठी स्वतःचा वेगळा अर्ज केला; बाईंचं ते वाक्य याच अर्जाबद्दलचं.

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला तिच्या पदवीला कोण विचारतो? सहा म्हाताऱ्या माणसांना सांभाळायच्या घरात चोवीस तास राबायचं आणि धुण्याच्या खोलीतल्या खाटेवर पाठ टेकायची. मालकीण तिच्याच देशाची. आपल्याच माणसाकडे सुट्टी मागायची कशी, या संकोचात वर्षं गेली.

त्या सहांत सुनेत्राकाकू होत्या. पक्षाघाताने उजवं अंग गेलेलं. मुलगा प्रसाद सॉफ्टवेअरमध्ये, शनिवारी यायचा. काकूंची एकादशी रोझालिया विसरत नसे. न सांगता रताळी उकडून ठेवायची. आणि काकू रोज सकाळी मराठीतच विचारायच्या, "आला का गं नंबर, रोझाबाई?" तेवढं मराठी तिला कळायचं.

तिकडे मारिकार नेस्तोरबरोबर राहत होती. दोन मुलं झाली, लग्न नाही. हे पाप आपल्यामुळे घडतंय म्हणून रोझालिया दर शुक्रवारी उपास करायची.

दोन हजार सातच्या नोव्हेंबरात मारिकारचा नंबर लागला. रोझालियाने लगेच फोन केला.

"नानाय," आईला मारिकार असंच हाक मारायची, "आमचं लग्न झालंय. दोन वर्षांपूर्वी. नेस्तोरचं ऑपरेशन होतं, असाच गेलो तर देवाला काय तोंड दाखवू म्हणाला. म्हणून चर्चमध्ये केलं, कोर्टात नाही. मला वाटलं, देवाला कळेल, सरकारला कुठलं कळतंय."

पण तिकडे चर्चमधल्या लग्नाचा कागद पाद्रीच सरकारात पाठवतो. नंबर जवळ आला म्हणून अविवाहित असल्याचा दाखला काढायला मारिकार आधीच गेली होती, तेव्हा खिडकीतल्या माणसाने तिच्या हातात लग्नाची नोंद ठेवली होती.

रोझालियाने एवढंच विचारलं, "नेस्तोर बरा आहे ना?"

"आहे."

"बरं."

मालकिणीने हळूच सुचवलं, खोटा दाखला करून देणारे लोक असतात. रोझालियाने नकारार्थी मान हलवली. देवासमोर झालेलं लग्न झालं नाही, असं शपथेवर कसं लिहायचं? वकिलाकडच्या बाईंनी सरळ सांगितलं: आधी तुम्ही नागरिक व्हा, मग विवाहित मुलीसाठी नवा अर्ज करा. रांग सोळा-अठरा वर्षांची. आणि अर्जदार हयात पाहिजे. तुम्ही गेलात की बहुतेक अर्जही गेला.

रोझालिया एकसष्ट वर्षांची होती.

त्या संध्याकाळी काकूंना भरवताना तिची नजर भिंतीवरच्या काकूंच्या तक्त्यावर गेली. वय एकोणऐंशी. एकसष्ट आणि अठरा मिळून तेवढेच. तिने काकूंकडे पाहिलं. भात हनुवटीवर ओघळला होता, तो पुसायला काकूंचा उजवा हात उठत नव्हता. या वयाला आपल्याला धड पोचायचंय. आणि तोवर हेच काम, हीच खाट.

"आला का गं नंबर?" सकाळचा प्रश्न काकूंनी पुन्हा विचारला.

"अजून नाही," ती म्हणाली. मग न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडली.

शनिवारी प्रसादने तिचा नागरिकत्वाचा अर्ज भरून दिला. सोमवारी दुपारी म्हातारी माणसं झोपली, तसा तिचा रोजचा मोकळा तास सुरू झाला. चर्चच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी दिलेली रक्तदाबाची गोळी तिने आज आठवणीने घेतली. रोज चालत जा, असंही ते म्हणाले होते. तेव्हा ती नुसती हसली होती.

तिने कॅनव्हासचे बूट घातले, नाड्या दोनदा आवळल्या, अर्जाचं पाकीट पदराआड धरावं तसं स्वेटरमध्ये धरलं. पोस्ट मैलभरावर होतं. कोपऱ्यावर पोस्टाकडे जाणारी बस उभी होती, दार उघडं होतं. रोझालिया तिच्यासमोरून, फुटपाथच्या कडेने, चालत गेली.