चार बोटं वाकलेली कमान

त्या पिंजऱ्याचं कौतुक नंतर करा. सहा पाय असले तरी तो कुठं पळून जात नाही. आधी माझं ऐका. मी कमान बोलतेय. दारावरची नव्हे, वेशीवरची नव्हे. एका जुन्या जीपच्या डोक्यावरची, ताडपत्रीचं छप्पर तोलून धरणारी लोखंडी कमान. सध्या मुक्काम शेडच्या भिंतीवर, दोन खिळ्यांवर. इथून जीप अगदी समोर दिसते, आणि हेच माझं दुखणं आहे.

माझा जन्म त्या जीपबरोबरच झाला. एक नळी घेतली, दोन जागी वाकवली, हिरवा रंग फासला, झाली कमान. अंगठ्याएवढी जाड आणि आतून पोकळ. पण तेव्हा मला वाटायचं, गाडीची खरी मालकीण मीच. चाकं बिचारी चिखलात, इंजिन झाकणाखाली, आणि मी सगळ्यांच्या वर.

स्वभावाचं म्हणाल तर लपवत नाही, मी पहिल्यापासून जळकी. नवा हॉर्न बसवला तेव्हा मी दोन दिवस कुरकुरत होते. टायर नवे आले आणि मालकानं ते पुसून ठेवले, तेव्हा तर ताडपत्रीचं एक बटणच सोडून दिलं. हे कुणाला कळत नाही, पण आपल्याला बरं वाटतं.

मालक म्हणजे मोजणीदार. लोकांच्या जमिनी मोजून द्यायचा. दोन भावांची भांडणं लागली की मोजणीची साखळी घेऊन हा हजर. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "खुणेचा दगडच सरकलेला असला, की पुढची सगळी मोजणी वाया." लोक माना डोलवायचे. मीही वरून डोलायचे.

गाडीत बसण्याआधी तो बोटांच्या पेरांनी मला दोनदा ठोकायचा. टक टक. मग म्हणायचा, "चला." हॉर्नला त्यानं कधी असं ठोकलं नाही, स्टिअरिंगलाही नाही. त्या दोन ठोक्यांवर माझा दिवस जायचा.

मग ती दुपार आली. आज तीस वर्षं झाली त्याला. त्याची लेक तेव्हा पाळण्यात होती. उतारावर पुढचं चाक चरात गेलं आणि जीप मालकाच्या बाजूला कलंडली, ती कलंडतच गेली. ताडपत्री फाटली, डबा, दुर्बीण, काठ्या, सगळं इकडंतिकडं. जरा वेळानं मालक खालून सरपटत बाहेर आला. कपाळावर खोक होती, बाकी धडधाकट. त्यानं गाडीकडे पाहिलं. मी त्याच्या सीटवर वाकून थांबलेली दिसले. तो तिथंच बसला आणि म्हणाला, "हिनं वाचवलं मला."

खरं काय झालं ते मला ठाऊक होतं. चराच्या पलीकडे मातीचा उंच बांध होता. गाडीचं नाक आणि काचेची चौकट त्यावर टेकली, म्हणून गाडी पुरती उलटली नाही. मी तर पहिल्याच दणक्याला मान टाकली होती. बांध नसता, तर मालकाच्या छातीत मीच घुसले असते. पण आयतं कौतुक कोण नाकारतं? आणि मला तोंड तरी कुठं होतं?

लोहाराकडून त्यानं मला ठोकून सरळ करून घेतलं. पुरती सरळ काही झाले नाही, उजवा खांदा चार बोटं खालीच राहिला. वर ताडपत्री चढली की दिसत नसे. पुढं मालकही ते विसरला. त्याची गोष्ट मात्र दर वर्षी वाढत गेली. पाहुणे आले की त्यांना आधी शेडमध्ये नेणार, मला ठोकणार आणि सांगणार, "ही पोलादी बाई होती म्हणून मी आहे." मालकीणबाई चहा गार होतो म्हणून हाका मारायच्या. आणि मी? ऐकून ऐकून माझाही विश्वास बसायला लागला होता.

लेक मोठी झाली, गुरांची डॉक्टर झाली. डोंगरावरच्या वाड्यांवर जायचं तर साधी गाडी चढत नाही, म्हणून जीप तिच्याकडे आली. एका संध्याकाळी ती घरी आली आणि वाकून मागचं चाकच बघत राहिली. मालकानं विचारलं तेव्हा म्हणाली, "बाबा, आज वळणावर मागचं चाक हवेत होतं. खाली सरळ दरी. गाडीला रोल केज बसवायचा."

"म्हणजे काय?"

"लोखंडी पिंजरा. गाडी उलटली तर आतला माणूस चिरडत नाही."

मालक हसला. "अगं, कमान आहे की. मला वाचवलं ती तुला नाही वाचवणार?"

मला काय गोड वाटलं म्हणून सांगू. लेकीनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती वेल्डरलाच घेऊन आली.

वेल्डर म्हणजे जाड चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस. सगळी वस्ती त्याला काका म्हणायची. त्यानं तीन प्रकार सांगितले. पहिला तयार मिळणारा, चकचकीत, आरशासारखा. तो पाहून माझा जळफळाट झाला. काका म्हणाला, "हा फोटोपुरता. गाडीच्या पत्र्यावर बोल्टनं बसतो. उलटली तर ह्याचे पाय पत्रा फाडून खाली जातील." बरं झालं, मेला गेला. दुसरा म्हणजे सीटमागं एकच जाड कमान. हा तर माझ्याच जागेवर डोळा ठेवून होता. काका म्हणाला, "मागून ठीक. पुढं उतारावर नाकावर गेली तर उपयोग नाही." तोही गेला. मी मनातल्या मनात काकाला जावई करून घेतला.

मग तिसरा. सहा पायांचा. दोन पुढं, दोन मध्ये, दोन मागं, आणि सगळे खाली चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, घट्ट धरलेले. बिनजोडाची जाड नळी, डोक्याजवळ फोम, शिवाय पट्टे बांधून बसायचं. "ताईंचा रस्ता बघता हाच," काका म्हणाला.

"आणि कमान?" मालकानं विचारलं.

"काढावी लागेल."

"कमान निघणार नाही." मालकाचा आवाज चढला. "पिंजरा तिच्या खाली बसवा. माप मी काढून देतो. जन्मभर तेच केलंय."

लेकीनं काकाकडे पाहिलं. काका म्हणाला, "बसेल, पण उंची नीट राहिली पाहिजे." ठरलं. पिंजरा येणार, पण माझ्या पायाशी बसणार. त्या आनंदात मला ताडपत्रीचं ओझंही जाणवेना.

मालकानं टेप काढला, कागद घेतला. बसला कुठं? सवयीप्रमाणे आपल्या जागेवर, स्टिअरिंगमागं. माझा उजवा खांदा हाच खुणेचा दगड धरला आणि तिथून खाली सगळी मापं उतरवली. डाव्या बाजूला तेवढंच, म्हणून लिहून टाकलं. मी ओरडायला हवं होतं. अहो, तो खांदा चार बोटं खाली आहे. पण मी गप्प बसले. तोंड नव्हतं हे खरं, पण असतं तरी मी बोलले नसते. हे मी आज पहिल्यांदा कबूल करते.

काका शहाणा. लोखंड कापण्याआधी त्यानं त्या मापाचा पिंजरा विजेच्या वायरी घालतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीचा करून आणला. गाडीत उभा केला आणि लेकीला म्हणाला, "ताई, बसा. पट्टा बांधा. आता डोकं हलवा, खड्ड्यात गेल्यासारखं."

लेकीनं डोकं हलवलं. नळी तिच्या कानशिलावर आपटली. तिनं परत हलवलं. परत आपटली.

"ही लोखंडाची असती तर?" काकानं विचारलं.

 मालकानं टेप घेतला. या खेपेला तो डावीकडून मोजायला लागला. मग उजवीकडून. मग परत डावीकडून. चार बोटांचा फरक. त्यानं ताडपत्रीची बटणं सोडली, ती मागं सारली, आणि तीस वर्षांनी मला उघडं पाहिलं. माझ्या वाकलेल्या खांद्यावरून बोट फिरवत राहिला. काका माझ्या नळीची जाडी मोजत हळूच म्हणाला, "साहेब, ही पावसासाठी असते. माणसासाठी नसते."

मालकानं पाना आणला. माझे बोल्ट त्यानं स्वतः सोडले. गंजलेला एक सुटेना तर तेल घालून वाट पाहिली, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मला भिंतीवर टांगलं आणि आत निघून गेला. ठोकलं नाही.

आठवड्याभरात तो आला. काळा, जाड, सहा पायांचा. माझ्यासारखी एका दणक्यात मान टाकणारी जात नव्हे, हे दिसतच होतं. म्हणून जास्त राग आला. त्यावर माझीच ताडपत्री चढवली. माझी ताडपत्री, माझी बटणं. मी रोज समोरून बघायचे आणि मनात म्हणायचे, एकदा उलटू दे गाडी, मग कळेल याची पोलादी मिजास. माझी जीभ झडो. त्या पिंजऱ्यात पोर बसलेली असते, एवढंही मला सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी भर दुपारी जीप आली ती दुसऱ्या गाडीला दोर बांधून. काच फुटलेली, बॉनेट चेपलेलं, ताडपत्रीच्या चिंध्या. वाटेची कड ढासळली होती आणि गाडी दीड कोलांटी मारून खाली झाडाला अडली होती. मालकीणबाई धावत आल्या, मालक मागून. लेक दोर ओढणाऱ्या गाडीतून आपल्या पायांनी उतरली. कोपर सोललेलं, बाकी काही नाही. मालकीणबाईंनी तिला चाचपून पाहिलं, मग घट्ट धरून रडल्या.

मालक जीपकडे गेला. खिशातून टेप काढला. उजवी बाजू मोजली, डावी मोजली. एका केसाचा फरक नव्हता. रंग खरवडला होता, तेवढाच. तो मडगार्डला टेकून खाली बसला. मग उठला आणि बोटांच्या पेरांनी पिंजऱ्याला ठोकलं. टक टक.

ते दोन ठोके होते माझे. माझ्या आत नुसता पोकळपणा आहे, तरी तिथं काहीतरी तुटलं.

लेक जवळ आली. मालक तिला म्हणाला, "मला कमानीनं वाचवलं नव्हतं. बांध होता तिथं. मी पाहिला होता. पण बांधाला घरी आणता येत नाही, म्हणून हिचं नाव घेत बसलो. त्या गोष्टीपायी तुला नुसत्या कमानीच्या भरवशावर पाठवणार होतो."

लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "मग हिला भंगारात देऊ?"

मी खिळ्यांवर गच्च झाले.

"नाही," मालक म्हणाला. "ती कधी म्हणाली, मी वाचवलं म्हणून? मीच म्हणालो. तिचं काम ऊन-पाऊस अडवायचं. तीस-चाळीस वर्षं माझे नकाशे तिनं भिजू दिले नाहीत. ते तिनं चोख केलं."

इतकी वर्षं खोटं कौतुक खाल्लं, पण पोट भरलं ते या एका खऱ्या वाक्यानं.

आता मी इथंच आहे. माझ्यावर लेकीचा रेनकोट वाळत असतो. तेवढं काम आहे अजून. जीप दुरुस्त होऊन रोज डोंगरावर जाते. जाताना मालकाचे ठोके पिंजऱ्याला मिळतात आणि मी अजूनही जळते. स्वभावाला औषध नाही. पण संध्याकाळी गाडी आत येईपर्यंत मी त्याच्यासाठीच जीव टांगून बसते, कारण लेकीला घरी आणायचं काम त्याचं आहे.

तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला जपा, पुसा, तिच्या गोष्टी सांगा. फक्त तिच्या भरवशावर लेकरू गाडीत बसवण्याआधी एकदा दोन्ही बाजूंनी मोजून घ्या. ती सांगणार नाही. मीही सांगितलं नव्हतं.