मावशीचा पहिला नंबर

आमच्या आईच्या हातची कॉलर म्हणजे कॉलर! टोकं अशी, की बोटाला टोचावीत. शर्टांच्या कारखान्यात ती आणि मावशी शेजारीशेजारी बसतात. मावशी सख्खी नाही, पण रागावते सख्खीपेक्षा जास्त. शाळा सुटली की मी तिथेच चिंध्यांच्या पोत्यावर बसून दोघींचं डोकं खाते.

हल्ली मावशीचे हात थरथरतात. तिच्या कॉलरी वाकड्या व्हायला लागल्या, तशी आई आपल्या कॉलरी गुपचूप तिच्या टोपलीत सरकवू लागली. कारण साहेब, म्हणजे आमचा मोजपट्टी, आता प्रत्येकीचा माल मोजतो, टोकं तपासतो आणि त्यावर पगार ठरवतो. जी सगळ्यात मागे, ती घरी.

"बास गं, तुला काय उरेल?" मावशी कुरकुरायची.

"तू गप मशीन चालव."

पण आईला मुद्दाम वाईट शिवताच येत नाही ना! तिथेच घात झाला. एक दिवस मोजपट्टी चक्क हसत आला. "मावशी, अख्ख्या कारखान्यात तुमचा पहिला नंबर! उद्यापासून वर, नमुन्याच्या खोलीत. गिऱ्हाइकासमोर शिवायचं. पगार दीडपट."

मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात आईचा चेहरा दिसला.

"मी इथेच बरी आहे, साहेब," मावशी म्हणाली.

"लाजता काय!"

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा मावशी कठडा धरून जिना उतरत होती. मागून मोजपट्टी, हातात चुरगळलेली कॉलर. मावशीच्या मशीनवर एव्हाना नवी मुलगी बसली होती.

आई ताडकन उठली. "साहेब, त्या कॉलरी माझ्या होत्या."

"म्हणजे मला फसवत होतात? मग दोघी चला घरी!"

"थापा मारतेय ती!" मावशी कडाडली. "माझा पुळका आलाय तिला. माझ्याच होत्या. आता हात गेले, त्याला कोण काय करणार?"

मी तोंड उघडलं. वक्तृत्वात बक्षीस मिळवलेलं तोंड! मावशीने दंडाला असा चिमटा काढला की ते पटकन मिटलं.

"जरा ऊठ गं," ती नव्या मुलीला म्हणाली. स्टुलाला मावशीची घरून आणलेली उशी बांधलेली होती. गाठ काही सुटेना. बोटं नुसती नाचत होती. आई पुढे झाली, तशी मावशीने आईकडे संशयाने बघणाऱ्या मोजपट्टीकडे पाहत मान हलवली. नको.

मग आम्ही सगळे उभे राहून तिला गाठ सोडवताना बघत राहिलो.