गल्ल्यामागची खुर्ची

सहाव्या महिन्यात बायकोच्या कमरेखालच्या सांध्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. भांडण त्यांचं, ठणका मात्र हिला. एका पायावर भार आला की ओटीपोटाखाली कुणी पाचर ठोकल्यासारखं होई. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, बाळाला धोका नाही. पण कपडे बसून घालायचे, गुडघे जोडून वळायचं, शिडी चढायची नाही आणि उकिडवं तर मुळीच बसायचं नाही.

बायको बुटांच्या दुकानात कामाला होती. तिथे दिवसभर शिडी चढतात, आणि उतरले की उकिडवे बसतात.

नवरा गाडी चालवायला शिकवायचा. त्याने पथ्य फारच मनावर घेतलं. बायकोला कूस बदलायची असली की तो उठून बसायचा.

"गुडघे जोड. उशी घट्ट धर. आता हळूच डावीकडे. छान!"

"इंडिकेटर देऊ का?"

"चेष्टा नको. तू आता घरी बस बरं."

"अरे, बाळंतपणाच्या रजेत किती पैसे मिळणार ते या दोन महिन्यांच्या पगारावरून ठरतं. आत्ता आजारपणाची अर्धपगारी रजा घेतली, तर पुढेही कमीच हातात येईल. एवढे दोन महिने रेटू दे मला."

"पैशाचं बघू आपण."

"कुठून बघणार? तुझ्याकडे शिकलेली माणसं पुन्हा फिरकत नाहीत."

"पास होतात म्हणून!"

शिकवणीच्या गाडीत त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. संसारातही तसा एक आपल्याच बाजूला बसवलाय, अशी त्याची प्रामाणिक समजूत. तेव्हा एका दुपारी तो परस्पर दुकानात गेला आणि मालकांना कोपऱ्यात घेऊन बायकोचं सगळं दुखणं सांगून आला. तिने इतके दिवस शिताफीने लपवलेलं, ते याने साभिनय उघड केलं. मालक सज्जन होते. त्यांचे डोळे पाणावले आणि सज्जन माणसाला सुचतं ते त्यांनी तडकाफडकी केलं: सोमवारपासून तिची आजारपणाची रजा मांडून टाकली.

संध्याकाळी बायको चपला न काढताच आत आली.

"काय बोललास तू त्यांना?"

"खरं ते."

"तुला कुणी विचारलं होतं?"

"जिन्यात रडताना पाहिलं गं तुला."

ती पलंगाच्या कडेला टेकली. त्याने खाली बसून तिच्या चपला काढल्या.

"दुखतं रे. फार दुखतं," ती म्हणाली. "पण मला रजा नकोय. बसायला खुर्ची हवीय. आणि ती माझी मी मागेन. तू बाहेर थांबायचंस."

सोमवारी तिला दारात पाहून मालक दचकले. "ताई, तुम्ही रजेवर आहात!"

"मी मागितलीच नाही रजा. मला बसून करायचं काम द्या. गल्ल्यामागे खुर्ची आहे."

"तिथे मी बसतो."

"तेच म्हणतेय."

"अहो, पण नियम..."

"नियम असा आहे की आधी काम बदलून द्यायचं, पगार तोच. अजिबात जमलं नाही तरच घरी पाठवायचं. कामगार संघटनेच्या बाईंना फोन लावू? त्या समजावून सांगतील."

"नको, नको. त्या फार सविस्तर सांगतात."

बायको गल्ल्यावर बसली. मालक बूट दाखवू लागले. त्यांनी कित्येक वर्षांत दुसऱ्याच्या पायाला हात लावला नव्हता. दुपारपर्यंत त्यांचं शिडीवरून बोलणं बंद झालं, आणि दुकान बंद करायच्या सुमारास एका आजोबांना बूट चढवायला बसले ते बसलेच. शेवटी आजोबांनीच हात देऊन उठवलं.

"ताई, हे तुम्ही रोज करत होतात?"

"पोटात एकाला घेऊन."

मालकांनी रजेचा कागद काढून फाडला. "पगार पूर्ण. पण बाळाला जरा वेळेवर यायला सांगा हो. माझे गुडघे फार दिवस तग धरायचे नाहीत."

काचेपलीकडे न्यायला आलेला नवरा गाडीला टेकून उभा होता. काय झालं म्हणून खुणा करत होता. आत यायची मात्र हिंमत नव्हती. बायकोने त्याला हसून हात केला.

"वेळेचा भरवसा नाही देत," ती मालकांना म्हणाली. "बापावर गेलं असेल, तर न विचारता आधीच येऊन उभं राहील."