धाकट्याच्या टाकीची हवा

सकाळी सहाला थोरल्याने धाकट्याच्या शेणाच्या टाकीपाशी वाकून हवेच्या नळीचा कॉक जवळजवळ पूर्ण बंद केला. हवेचा पंप घरघरत राहिला. ऐकणाऱ्याला काहीच फरक कळला नसता.

आदल्या रविवारी आई आपली पेटी घेऊन थोरल्याच्या घरातून शेजारी धाकट्याकडे राहायला गेली होती. "तुझ्याकडे वासानं घास उतरत नाही," एवढंच ती म्हणाली होती.

थोरल्याच्या टाकीसारखा धाकट्याच्या टाकीला वास नव्हता, हे खरं होतं. त्याचं कारणही त्याने न विचारताच थोरल्याला सांगितलं होतं.

"दादा, वास नुसत्या शेणाचा नसतो. सगळा जिवाणूंचा खेळ. हवा मिळाली की हवेवर जगणारे वाढतात, ते घाण न करता शेण कुजवतात. हवा तोडली की दुसरे माजतात, वास त्यांचाच."

"आता तू मला शेण शिकव," थोरला म्हणाला होता. पण शब्द न् शब्द त्याने ध्यानात ठेवला होता.

चार दिवसांत धाकट्याच्या अंगणात सडक्या अंड्यांचा वास भरला. थोरला दाढी करून, धुतलेला सदरा घालून कुंपणाशी आला.

"काय रे, तुझे जिवाणू संपावर गेले का?"

"पंप तर चालू आहे," धाकटा रडकुंडीला आला होता. "तूच बघ ना दादा. मशिनीतलं तुलाच कळतं."

आई पायरीवर शेंगा सोलत होती. नाकाला रुमाल नव्हता.

"पेटी उचलू का, आई?" थोरल्याने विचारलं.

"कशाला?"

"वास येत नाही तुला?"

"येतो की." तिने आणखी एक शेंग सोलली. "जन्म गोठ्यात गेला माझा. वासानं कुणी घर सोडतं का रे?"

थोरला कुंपण ओलांडून पायरीपाशी आला.

"इथे भांडतात, हसतात. तुझ्याकडे नुसती भांडी वाजतात."

आत धाकट्याची बायको कशावर तरी खळखळून हसली. का ते न कळताच आईही हसली. थोरल्याने सदऱ्याचं वरचं बटण उघडलं, पुन्हा लावलं.

धाकट्याने पाना आणून त्याच्या हातात दिला. थोरला टाकीपाशी बसला आणि त्याने पंपाला कान लावला. कॉक त्याच्या गुडघ्याला लागत होता.

"सापडलं काही, दादा?"

"बघतोय."

दुपारपर्यंत त्याने पंप खोलला, पुसला, पुन्हा जोडला. कॉक होता तसाच बंद होता.