एक्केचाळीस लाल फुल्या

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे, आणि पाण्यात भिजणं म्हणजे काय हे मला अजून माहीत नाही. ज्याचं सगळं आयुष्य धुलाईघरात गेलं त्याने असं म्हणावं, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण एका मोठ्या इस्पितळाच्या त्या धुलाईघरात माझ्याखेरीज सगळं काही भिजायचं. मला मात्र जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून भिंतीवरच्या खुंटीला टांगलं होतं आणि वर पाटी लावली होती : 'ओल्या हातांनी स्पर्श करू नये'. जिथे एकाही माणसाचा हात कधी कोरडा नसायचा, तिथे ही पाटी कोणाच्या डोक्यातून निघाली असेल, याचं मला फार कुतूहल होतं.

मी जात्याच चौकस आहे. माझा पुढचा डोळा घड्या घालण्याच्या लांब टेबलाकडे असायचा. पाठीलाही एक डोळा आहे, पण तो भिंतीला टेकलेला, त्यामुळे भिंतीविषयी मला बरीच माहिती आहे. आतल्या खोलीत कपडे भिजवायचे दोन हौद होते, असं नुसतं ऐकून होतो. तिकडून वाफ यायची, पाण्याचे आवाज यायचे, आणि तिथे काय चालतं ते बघायला माझा जीव तडफडायचा.

मला तिथे आणलं होतं शिकवायला. कामगारांनी वर्गात जाऊन बसायला नको, जागेवरच पाच-पाच मिनिटांचे धडे घ्यावेत, अशी कल्पना होती. माझ्या पोटात असे बारा धडे होते. हातमोजे कसे घालावेत, जड गाठोडं कसं उचलावं, कोणत्या डागाला कोणतं पाणी. प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न यायचे. उत्तर बरोबर आलं की नावापुढे हिरवी खूण, चुकलं की लाल फुली. लाल राहील त्याने दर सोमवारी पुन्हा बसायचं, असा नियम होता.

पहिल्या महिन्यात माझा मोठा थाट होता. मुकादम पाहुण्यांना माझ्यासमोर उभं करून सांगायचे, "आमच्याकडे आता सगळं शिक्षण यातच." मी आनंदाने उजळून निघायचो. आपल्याला सगळं येतं, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

मग हिरव्या खुणा भराभर वाढू लागल्या, आणि मला नवल वाटू लागलं. धडा न ऐकताच लोकांना उत्तरं येत होती! त्याचा शोध लागला तेव्हा मी थक्क झालो. घड्या घालणारी एक बाई होती, तिच्या हातांच्या वेगामुळे सगळे तिला एक्स्प्रेस म्हणत. तिने एकदा मला खुंटीवरून काढलं, खिडकीकडे नेलं आणि तिरकं धरलं. "हे बघा, सगळ्यांची बोटं इथे पडलीत. साबणाचा ओशट डाग आहे. म्हणजे उत्तर हेच!"

मित्रांनो, ही माणसं दिवसभर डागच वाचत असत. चादर उजेडात धरून चहा कुठला, औषध कुठलं, हे ती क्षणात सांगायची. त्यांनी माझ्या पाकिटावरचे डागही वाचले, यात नवल ते काय? एकाने चुकतमाकत बरोबर जागा शोधायची आणि बाकीच्यांनी त्या डागावर बोट ठेवायचं. वीस जण असे झटपट पास झाले. मुकादमांचे धडेही एक्स्प्रेसनेच उरकून दिले.

फक्त एका नावापुढे लाल फुली राहिली. ते नाव काकूंचं. काकू हौदांवर काम करायच्या. सव्वीस वर्षं त्यांनी डाग काढण्यात घालवली होती. वर्षअखेरीस डाग विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक व्हायची होती, आणि त्यासाठी बाराही धडे हिरवे लागत होते. अकरा हिरवे होते. सातव्या धड्यात एक प्रश्न होता : रक्ताचा डाग पडलेलं कापड आधी कोणत्या पाण्यात भिजवावं? काकू दर सोमवारी हात पुसून यायच्या, चष्मा चढवायच्या, प्रश्न पुरता वाचायच्या आणि 'गार' दाबायच्या. माझ्या पोटात उत्तर होतं 'गरम'. मी इमानेइतबारे लाल फुली मारायचो.

"अहो काकू, गरम दाबून मोकळ्या व्हा ना," एक्स्प्रेस म्हणायची. "आम्ही सगळ्यांनी तेच केलं. कामाच्या वेळी गारच वापरायचं, इथे गरम दाबायचं. कोण बघतंय?"

"बोट वळत नाही गं माझं," काकू म्हणायच्या. "गरम पाण्यात रक्ताचा डाग शिजतो. मग तो कापड सोडत नाही."

त्यांनी मुकादमांनाही सांगून पाहिलं होतं. मुकादम म्हणाले, "धडा वरून आलाय, काकू. वरच्यांपुढे आपण काय बोलणार?" आणि विषय संपला. माझ्या मनात मात्र तो संपेना. डाग शिजतो म्हणजे काय होतं? माझ्याकडे डागाचं एक रंगीत चित्र होतं, खरा डाग मी कधी जवळून पाहिला नव्हता. काकू म्हातारपणामुळे हट्ट धरतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. आज त्याची लाज वाटते.

अशातच कपड्यांची गाडी चालवणाऱ्याची बायको कामाला लागली. त्यामुळे ती सगळ्यांचीच वहिनी झाली. तिला काकूंच्या हाताखाली दिलं होतं. वहिनी आली आणि तिने आधी माझ्या काचेवरचं प्लास्टिक बाहीने स्वच्छ पुसलं! इतक्या महिन्यांत माझं तोंड पुसणारी ती पहिलीच. मग तिने पहिल्या धड्यापासून प्रत्येक शब्द कान देऊन ऐकला. असा विद्यार्थी मिळाल्यावर मी हरखून गेलो. तिला सगळं सगळं द्यावं, असं मला वाटलं.

चौथ्याच दिवशी काकूंना लेकीच्या आजारपणामुळे दोन दिवसांची रजा घ्यावी लागली. त्या सकाळी शस्त्रक्रियेच्या विभागातून साठ गाऊनांचं गाठोडं आलं. वहिनी माझ्यापुढे उभी राहिली. तिने सातवा धडा एकदा नाही, तीनदा ऐकला. "आधी गरम," ती पुटपुटली, आणि आत गेली. नळाचं चाक फिरल्याचा आवाज मी ऐकला.

साठच्या साठ गाऊनांवर तपकिरी डाग कायमचे बसले. इस्पितळातून रागाचं पत्र आलं. मुकादमांनी मला उघडलं, सातव्या धड्याची यादी काढली आणि टेबलावर थाप मारली. "रक्ताच्या डागाच्या धड्यात एकटीला लाल फुली! आणि नव्या बाईला शिकवायला तीच. आणखी काय पुरावा हवा?"

आपण धडा उलटा ऐकला असावा, असंच वहिनीला भीतीने वाटू लागलं होतं. एक्स्प्रेसला खरं ठाऊक होतं, बाकीच्यांनाही होतं. पण ते बोलायचं तर डाग वाचून पास झाल्याचं कबूल करावं लागलं असतं. सगळ्यांनी माना खाली घालून घड्या घातल्या. रजेवरून आलेल्या काकूंना मुकादमांनी सांगितलं की प्रमुखपद विसरा, हौद सोडा, चौकशी होईपर्यंत टेबलावर बसा. काकूंनी समोरचा टॉवेल घेतला, घडी घातली, मोडली, परत घातली. मला बोलता येत असतं तर, मित्रांनो, मी त्या दिवशी ओरडलो असतो.

चौकशीला आल्या त्या धड्यांच्या मॅडम. हे बाराही धडे त्यांनीच कचेरीत बसून तयार केले होते. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि माझ्या आतली नोंद शांतपणे वाचली. कोणी, कधी, कुठे दाबलं, सगळं माझ्याकडे असतं. कोणी कधी मागितलं नव्हतं, इतकंच. वाचता वाचता त्यांचं बोट एका जागी थांबलं. त्यांनी काकूंना बोलावलं.

"काकू, या एका प्रश्नाला तुम्ही एक्केचाळीस वेळा बसलात. एक्केचाळीस वेळा तेच उत्तर दिलंत."

"मग? उत्तर दर सोमवारी बदलतं की काय?"

मॅडमना हसू आलं, पण त्या लगेच गंभीर झाल्या. "ज्याला येत नाही तो एकदा हे दाबतो, एकदा ते. तुमचं बोट एकदाही हललं नाही. तुम्ही तेच का दाबलंत?"

"कारण ते बरोबर आहे."

"टॅब तर चूक म्हणतो."

"त्याने कधी काही धुतलंय का?" काकूंनी विचारलं.

मॅडम उठल्या. "चला, धुवूनच बघू."

आणि त्यांनी मला हातात धरून आत नेलं! हौद मी पहिल्यांदा पाहिले. काकूंनी हातमोजे चढवले, गाठोड्यातली रक्ताचा डाग पडलेली एक चादर घेतली, ती मधोमध फाडली. एक तुकडा गार पाण्यात सोडला, एक गरम पाण्यात. गार पाण्यात डागातून गुलाबी धागे निघाले आणि विरत गेले. थोडं चोळल्यावर कापड पांढरं झालं. गरम पाण्यातला डाग मात्र तपकिरी होऊन जागीच बसला. काकूंनी तो घासला, साबण लावला, पुन्हा घासला. तो हलला नाही. डाग शिजणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. शिकवायला आलेला मी, त्या दिवशी पहिल्यांदा शिकलो.

मॅडमनी पिशवीतून आपला मूळ कागद काढला. त्यावरचं कोष्टक त्या पुन्हा पुन्हा वाचू लागल्या. मग त्या बाहेर टेबलाशी आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उतरवताना माझी ओळ सरकली. तेलकट डागाचं उत्तर रक्ताच्या डागापुढेही गेलं. चूक काकूंची नाही, वहिनीची नाही. माझी आहे."

वहिनीला रडू कोसळलं. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मॅडमनी तिथल्या तिथे माझ्यातलं उत्तर दुरुस्त केलं, आणि गंमत बघा, काकूंच्या एक्केचाळीस फुल्या एका क्षणात हिरव्या झाल्या. बाकीच्यांच्या हिरव्या खुणा लाल झाल्या. "मुकादम," मॅडम म्हणाल्या, "तुम्हीही नापास." मुकादम छताकडे बघू लागले. एक्स्प्रेसने मग स्वतःहून ओशट डागांची सगळी हकीकत सांगून टाकली आणि काकूंपुढे हात जोडले. काकू म्हणाल्या, "हात नको जोडू. सोमवारी हौदावर ये, शिकवते."

काकू प्रमुख झाल्या. सातवा धडा नव्याने तयार झाला, तोही त्याच हौदावर. बोलायला काकू तयार होईनात, म्हणून मॅडमनी माझ्या मागच्या डोळ्याने त्यांचे फक्त हात टिपले. भिंतीखेरीज त्या डोळ्याने नीट पाहिलेली ती पहिली गोष्ट. पाण्याने सुरकुतलेले, हळू चालणारे, मुळीच न अडखळणारे हात. त्यानंतर मॅडमनी प्रत्येक प्रश्नाखाली आणखी एक बटण ठेवलं : 'मला हे पटत नाही, कारण...' ते दाबून आपलं म्हणणं बोलून ठेवायचं. ते पहिल्यांदा दाबलं वहिनीने. तिची शंका चुकीची निघाली. तरी मॅडम आल्या, हौदाशी उभ्या राहिल्या आणि तिला समजावून गेल्या.

आता मी कपाटात असतो. धडे सगळ्यांच्या फोनवर गेले. मला कोणीतरी चार्जरला लावून आठ-आठ दिवस विसरत असे, त्यामुळे माझी बॅटरी फुगली आणि काचेला तडा गेला. तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला असं विसरू नका, एवढी विनंती आहे.

पण त्याहून मोठी विनंती दुसरीच आहे. माझ्यासारख्या एखाद्या यंत्राने तुमच्या नावापुढे लाल फुली मारली, तर लगेच मान खाली घालू नका. दुसऱ्याच्या नावापुढे ती दिसली, तर लगेच त्याच्याकडे बोट दाखवू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, 'तू तेच का दाबलंस?' काकूंना हा प्रश्न विचारायला आम्ही सगळ्यांनी मिळून दहा महिने लावले. तुम्ही एवढा वेळ लावू नका, मित्रांनो.